खड्ड्यातले मेंढरू आणि रस्त्यावरचे कुत्रे



आज एका साध्या प्रश्नाचा आपण मिळून विचार करू. प्रश्न वरवर पाहता इतका लहान आहे की त्यासाठी मासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणास वाटेल. रस्त्याच्या कडेला जखमी होऊन पडलेल्या मुक्या जनावराविषयी ख्रिस्ती माणसाचे काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते कोणते आणि कोठवर? की ज्याच्या मनाला पाझर फुटेल त्याने करावे, इतरांनी खुशाल पुढे जावे, असे ते एक ऐच्छिक सत्कृत्य आहे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रविवारची सकाळ आहे. आपण सहकुटुंब उपासनेस निघाला आहात. गाव कोणतेही असो. जालना असो की नागपूर, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद. पुढे गेलेल्या एखाद्या टेम्पोची धडक बसून एक भटके कुत्रे रस्त्याच्या कडेला पडले आहे. त्याचे मागचे पाय हलत नाहीत. पुढच्या पायांवर स्वतःला ओढत ते गटाराकडे सरकण्याची धडपड करीत आहे. लोक येतात, क्षणभर पाहतात, हळहळतात आणि निघून जातात. आपल्या स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल विचारते, "पप्पा, त्याला कोण नेणार?" मंदिराची घंटा तर केव्हाच झाली आहे. वाचकहो, त्या मुलाला आपण काय उत्तर द्याल?

बहुतेक वेळा आपण जे उत्तर देतो ते अगदीच निर्दय नसते. आपण म्हणतो, "अरे, इथे माणसांना कोणी विचारीत नाही, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलास!" आणि आपण शास्त्राभ्यासी असलो तर ह्या उत्तराला पवित्र शास्त्राचा आधारही देतो. मनुष्य मेंढरापेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहे, मनुष्याचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे, असे प्रत्यक्ष प्रभूनेच सांगितले नाही काय? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झाला. जनावर तसे नाही. तेव्हा आधी माणूस, आणि काही उरलेच तर जनावर.

हे उत्तर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते ज्या वचनातून आपण काढतो ते वचन पुन्हा उघडून पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही. आज तेवढेच करू.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात प्रभू येशू सभास्थानात आहे. समोर वाळलेल्या हाताचा एक मनुष्य आहे. दिवस शब्बाथाचा आहे आणि ह्या दिवशी रोग बरा करणे योग्य आहे काय, असा प्रश्न त्याला कोंडीत पकडण्यासाठी विचारला गेला आहे. प्रभू उत्तरादाखल एका मेंढराची गोष्ट काढतो. तुमच्यापैकी कोणाजवळ एकच मेंढरू असेल आणि ते शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले, तर तो त्याला धरून वर काढणार नाही काय? आणि मेंढरापेक्षा मनुष्य तर कितीतरी मोलाचा. म्हणून शब्बाथ दिवशी चांगले करणे योग्य आहे. असा त्या बोलण्याचा आशय आहे. लूकच्या १४व्या अध्यायात जलोदर झालेल्या मनुष्याला बरे करतानाही प्रभू विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला देतो, आणि १३व्या अध्यायात कुबड आलेल्या स्त्रीच्या वेळी बैलाला व गाढवाला गोठ्यातून सोडून पाण्यावर नेण्याचा.

ह्या बोलण्याची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेल्या जनावराचे काय करावे, हा प्राचीन यहूदी लोकांत खरोखरच वादाचा विषय होता. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत १९४७पासून जे जुने ग्रंथ सापडत गेले, त्यांत एका कडक पंथाचे नियम आढळतात. जनावर शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले तर त्याला त्या दिवशी वर काढू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. यहूदी धर्मगुरूंच्या मुख्य परंपरेने मात्र निराळी वाट काढली. तालमूद ग्रंथात दिलेला तोडगा असा की, त्या जनावराला खड्ड्यातच चारा द्यावा. तेवढ्याने भागण्यासारखे नसेल तर खाली गाद्या-उशा टाकाव्यात, म्हणजे त्यांवर पाय देऊन ते आपले आपण वर येईल. मुक्या जिवाचे दुःख निवारणे हे मोशेच्या नियमशास्त्रातूनच निघणारे कर्तव्य आहे, म्हणून धर्मगुरूंनी मागाहून घातलेले निर्बंध त्याच्यापुढे मागे सरतात, असे कारणही तेथे दिले आहे.

प्रभू ह्या वादाच्या तपशिलात शिरत नाही. गालीलातल्या साध्या शेतकऱ्याचे मन त्याला ठाऊक आहे. आपले जनावर खड्ड्यात हंबरत असताना तो शेतकरी पोथी उघडून बसत नाही. दोर घेऊन धावतो. प्रभू ह्या धावण्याला दोष देत नाही. ते योग्यच आहे असे तो धरून चालतो, आणि त्याच पायावर माणसावरील दयेचा युक्तिवाद उभा करतो. हा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अशी की, मेंढरू संकटात असेल तर त्याला वर काढलेच पाहिजे. दुसरी अशी की, मनुष्य मेंढराहून मोलाचा. मग त्याला तर किती अधिक तत्परतेने वर काढले पाहिजे!

आता आपण काय करतो ते पाहा. आपण दुसरी पायरी घेतो आणि तिच्या जोरावर पहिली मोडून टाकतो. मनुष्य मेंढराहून श्रेष्ठ आहे, म्हणून मेंढरू राहू द्या खड्ड्यात, असे आपण म्हणतो. शब्द प्रभूचे, पण निष्कर्ष नेमका उलटा! प्रभूच्या मुखी माणसाचे श्रेष्ठत्व हे माणसावर अधिक दया करण्याचे कारण आहे. जनावरावर कमी दया करण्याची सबब म्हणून त्याने ते एकदाही सांगितलेले नाही. आणि पहिली पायरी काढून घेतल्यावर दुसरी तरी कशाच्या आधारावर उभी राहणार? ज्याने मेंढराला वर काढलेच नाही, त्याला "मग माणसाला किती अधिक" हे समजावून सांगण्यास काही आधारच उरत नाही.

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, "खड्ड्यातले मेंढरू त्या माणसाचे स्वतःचे होते. त्यात त्याचा पैसा गुंतला होता. रस्त्यावरचे कुत्रे कोणाचे?" आक्षेप रास्त आहे. माणसाचे कायदेही पुष्कळदा ह्याच दृष्टीने पाहतात. ब्रिटनमधील १९८८च्या वाहतूक कायद्यात, वाहनाची धडक बसल्यास चालकाने कोणत्या जनावरांसाठी थांबावे, त्यांची यादी दिली आहे. तीत घोडा, गाय-बैल, मेंढरू, डुक्कर, बकरी व कुत्रा आहेत. मांजर मात्र नाही. मुकेपण दोघांचे सारखे आणि हाड मोडल्यावर होणारी वेदनाही सारखी. पण त्या यादीने आपली सीमा वेदनेवरून आखलेली नाही.

पवित्र शास्त्र मात्र मालकीच्या प्रश्नापाशी थांबत नाही. निर्गमाच्या २३व्या अध्यायातील आज्ञा पाहा. तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले तुला दिसले, तर त्याला तसेच टाकून जाऊ नकोस, सोडविण्यास हात लाव, असे ती आज्ञा सांगते. अनुवादाच्या २२व्या अध्यायात हीच आज्ञा भाऊबंदाच्या गाढवा-बैलाविषयी पुन्हा येते, आणि तेथे तर पाहून न पाहिल्यासारखे करण्यास मनाई आहे. ज्याच्याशी आपले बांधावरून भांडण आहे, ज्याच्या दारावरून जाताना आपण मान फिरवतो, त्याचे ते गाढव. त्यात आपला पैशाचा लाभ नाही आणि मनाचे समाधानही नाही. तरी हात लावायचा, कारण गाढवाने कोणाचे काही बिघडवलेले नाही.

आणि ज्याला मालकच नाही त्याचे काय? लूकच्या १२व्या अध्यायात प्रभू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो, तो मत्तयाच्या १०व्या अध्यायातील भावाशी ताडून पाहा. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या आहेत. लूकात दोन दमड्यांना पाच. म्हणजे दोन दमड्या खर्च करणाऱ्याला चारांवर पाचवी चिमणी फुकट मिळते. ती वर घालण्याची, जिची कोणी किंमतच केली नाही अशी. आणि नेमके तेथेच प्रभू सांगतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. रस्त्यावरचे भटके कुत्रे ही आपल्या गावची पाचवी चिमणी आहे. बाजारात तिला किंमत नाही, कोणाच्या वहीत तिचे नाव नाही. पण ज्याच्या वहीत आहे त्याला आपण पिता म्हणतो.

ह्या ठिकाणी एक अवघड वचनही लपवून ठेवता कामा नये. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, ही अनुवादातील आज्ञा उद्धृत करून पौल करिंथकरांस विचारतो की, देवाला बैलांचीच काळजी आहे काय, की हे आपल्यासाठी लिहिले आहे? (१ करिंथ ९:९-१०.) पुष्कळांनी ह्यावरून असे ठरवले की देवाला बैलाची पर्वा नाही. परंतु पौलाचा तेथील विषय पशूंचा नव्हे; सुवार्तेच्या सेवकाला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळावा, हा आहे. बैलाविषयीची आज्ञा तो माणसापर्यंत वाढवीत आहे. बैलाचा घास काढून घेऊन सेवकाला द्या, असे तो म्हणत नाही. आणि हाच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८व्या अध्यायात सबंध सृष्टी कण्हत आहे व मुक्तीची वाट पाहत आहे असे सांगतो. ज्याला सृष्टीचे कण्हणे ऐकू आले त्याला बैलाची काळजी नव्हती, असे कसे म्हणावे? योनाच्या पुस्तकाचा शेवटही आठवा. निनवेवर दया का करू नये, असे देव संदेष्ट्याला विचारतो तेव्हा तो त्या नगरातील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा उल्लेख करतो आणि त्यांच्या जोडीला पुष्कळ गुराढोरांचाही. पुस्तक तेथेच संपते.

ख्रिस्ती विचारवंतांनी ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस ह्यांचे म्हणणे असे की, जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून क्रौर्य टाळावे. अठराव्या शतकात इमॅन्युएल कांट ह्या तत्त्वज्ञानेही जवळजवळ हेच सांगितले. ह्यात तथ्य आहे; पण ते अपुरे आहे. ह्या विचारात जखमी कुत्रे हे केवळ आपल्या मनाच्या व्यायामाचे साधन ठरते. त्याच्या वेदनेला स्वतःचे असे काही मोलच उरत नाही. १७७६ साली हंफ्री प्रायमॅट नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने मुक्या प्राण्यांवरील दयेविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला. दुःख हे दुःखच, मग ते माणसाला होवो की पशूला, असा त्याच्या विवेचनाचा गाभा होता. पशूला बुद्धी नाही, वाचा नाही, म्हणून त्याची वेदना कमी होत नाही. उलट, ती कोणाजवळ बोलून हलकी करण्याचीही त्याला सोय नाही.

प्रायमॅटचे हे पुस्तक आर्थर ब्रूम नावाच्या दुसऱ्या एका पाळकाने संक्षिप्त रूपात पुन्हा छापले. ह्याच ब्रूमच्या पुढाकाराने १६ जून १८२४ रोजी लंडनमधील एका कॉफीगृहात काही मंडळी जमली आणि जनावरांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी जगातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक स्थापन झाली. ब्रूम पहिला चिटणीस झाला. ह्या कामासाठी त्याने मंडळीची नोकरी सोडली. संस्थेवर कर्ज झाले तेव्हा त्या कर्जापायी १८२६ साली त्याला तुरुंगात जावे लागले. त्याच्यामागून ज्यांनी संस्थेचा भार उचलला ते लुईस गोंपर्ट्झ यहूदी होते. असे हे काम एकट्या ख्रिस्ती लोकांचे नव्हते व नाही. मुंबईतही १८७४ साली अशीच संस्था निघाली, आणि पुढे परळला सर दिनशा माणेकजी पेटिट ह्या पारशी गृहस्थांच्या औदार्याने, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. ते आजही चालू आहे.

"माणसे उपाशी असताना जनावरांचे काय?" ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्या कॉफीगृहातच सापडते. तेथे जमलेल्यांत विल्यम विल्बरफोर्स होते. माणसांच्या गुलामीविरुद्ध ज्यांनी आपले उभे आयुष्य वेचले, ज्यांच्या प्रयत्नांनी १८०७ साली ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार बंद झाला, तेच हे विल्बरफोर्स. आधी सगळे गुलाम सुटू द्या, मग घोड्यांचे पाहू, असे ते म्हणाले नाहीत. दया ही रांजणातल्या पाण्यासारखी नसते, की जनावराला तांब्याभर दिले म्हणजे माणसाला तेवढे कमी पडावे. ती विहिरीसारखी असते. उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात.

आणि खरे सांगा, त्या रविवारी सकाळी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात माणूस असतो काय? एकीकडे जखमी मूल व दुसरीकडे जखमी कुत्रे असेल तर आधी मूल, ह्यात वादच नाही. परंतु असा पेच आयुष्यात क्वचितच पडतो. कुत्र्याच्या समोरच्या पारड्यात बहुधा असते ते आपले अर्ध्या तासाचे वेळापत्रक, इस्त्रीचे कपडे, रिक्षाचे भाडे आणि लोक काय म्हणतील ही भीती. ह्या सगळ्यांना आपण एकत्र बांधून त्यावर "माणूस" अशी चिठ्ठी लावतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात एक जनावरही आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. अर्धमेल्या वाटसरूला शोमरोन्याने आपल्या पाठीवर घेतले नाही. आपल्या जनावरावर बसवले. यरीहोच्या त्या उतारावर धन्याच्या भाराऐवजी एका अनोळखी जखमी माणसाचा भार एका मुक्या प्राण्याने वाहिला, आणि उतारशाळेपर्यंत पोहोचवला. याजक आणि लेवी ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने ते जनावर आले होते. आपल्या देशातही नांगर, मोट आणि गाडी शेकडो वर्षे कोणी ओढली, दूध कोणाचे प्यालो, रात्री वस्तीची राखण कोणी केली, ह्याचा हिशेब मांडला तर आपण दयाळू देणेकरी आहोत की थकबाकीदार ऋणको, ते कळेल.

ह्याच दाखल्यात आपल्या कर्तव्याची मर्यादाही आहे. शोमरोनी त्या वाटेवर कायमचा मुक्काम ठोकून बसला नाही. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, रात्र काढली, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली आणि तो आपल्या कामास गेला. जगातील सर्व जखमी जनावरांचा भार देवाने आपल्यावर टाकलेला नाही. रस्त्यावरचे प्रत्येक कुत्रे घरी आणून पाळावे, असेही कोणी सांगत नाही. जे आपल्या वाटेत पडले आहे, जे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, ज्याच्यासाठी काही करणे आपल्या हाती आहे, तेवढ्यापुरते हे कर्तव्य आहे. ज्याला खरोखर थांबता येत नाही, ज्याच्या मागे आजारी आई आहे किंवा ज्याला कामाची पाळी गाठायची आहे, त्याने निदान दुसऱ्या कोणाला निरोप द्यावा, एक फोन करावा. उतारशाळेच्या मालकाचे कामही दयेचेच होते, आणि दोन नाणीही दयेचीच होती.

दयेला डोळस जाणिवेची जोड हवी. नाहीतर चांगल्या हेतूने केलेली मदत घातक ठरते. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलू. प्रथम स्वतःला व मुलांना वाहनांपासून सांभाळा. वेदनेने व्याकूळ झालेले जनावर ओळखीच्या माणसालाही चावते. तेव्हा त्याला दिसेल अशा बाजूने, सावकाश जा. डोक्यावरून एखादे फडके टाकले की ते बहुधा शांत होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरा. कणा मोडला असण्याचा संभव असतो, म्हणून पायांना धरून उचलू नका. फळीवर, गोणपाटावर किंवा चादरीवर हलकेच सरकवून न्या. शुद्ध नसलेल्या जनावराच्या तोंडात पाणी वा दूध ओतू नका; ते फुप्फुसात जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नका. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. चावा बसला, ओरखडा निघाला किंवा आपल्या जखमेला त्याची लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घेण्यास सुरुवात करा. हा रोग एकदा उफाळला की त्यातून क्वचितच कोणी वाचते. ह्यात चालढकल नको.

गाय, बैल, शेळी असे जनावर असेल तर जवळचा गुरांचा सरकारी दवाखाना गाठा. अनेक राज्यांत १९६२ ह्या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. माकड, घुबड, मोर, कोल्हा असा वन्य जीव असेल तर तो घरी नेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा ठरू शकतो. वनखात्याला कळवा. आपल्या राज्यघटनेत १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हेही एक आहे. म्हणजे रस्त्यात थांबणारा माणूस काही जगावेगळे करतो असे नव्हे.

आता सर्वांत कठीण प्रसंग. जनावर वाचण्यासारखे नसेल तर? डॉक्टर पाहतात, मान हलवतात, आणि सांगतात की वेदना लांबवण्यात अर्थ नाही. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा वेळी पशुवैद्यकाच्या निर्णयानुसार त्याला वेदनारहित मरण देण्याची वाट ठेवली आहे. माणसाच्या बाबतीत आपण ही वाट धरत नाही. माणूस आपल्या दुःखात प्रार्थना करू शकतो, क्षमा मागू शकतो आणि देऊ शकतो, आशेने पुढे पाहू शकतो. मुक्या जनावराला त्या क्षणी वेदनेपलीकडे काहीच नसते. म्हणून जाणकाराच्या हातून ती वेदना थांबवणे ह्यास निर्दयता म्हणता येणार नाही. मात्र तो निर्णय जाणकाराचा असावा. दगडाने वा काठीने "सुटका" करणे ही दया नव्हे, आणि खर्च टाळण्यासाठी बरे होण्याजोगे जनावर मारून टाकणे हीही दया नव्हे.

मग आपली धावपळ वाया गेली काय? चिमणी जमिनीवर पडणारच नाही, असे वचन प्रभूने दिलेले नाही. पित्याला सोडून, त्याच्या नकळत ती पडत नाही, एवढेच त्याने सांगितले आहे. ते कुत्रे गटारात, शेकडो पायांच्या शेजारी एकटे मरण्याऐवजी कोणाचा तरी हात डोक्यावर असताना मेले, तर पित्याच्या त्या जवळ असण्यात आपणही थोडेसे सहभागी झालो.

आपल्या मराठी मातीला हे नवे नाही. पैठणचे संत एकनाथ ह्यांच्याविषयीची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. काशीहून रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या एका गाढवाच्या तोंडात ओतले. आणि आपल्याच मंडळीतले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची "केवढे हे क्रौर्य!" ही जखमी पक्षिणीवरील कविता महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचली. त्या पक्षिणीला वाचा नव्हती; टिळकांनी ती आपली दिली. देवाच्या दारी नेण्याचे पाणी वाटेवरच्या गाढवाला पाजणे, हा देवाचा अपमान होत नाही, हे ज्या भूमीतल्या साध्या माणसाला कळते, त्या भूमीतल्या ख्रिस्ती माणसाला उपासनेस उशीर झाल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या प्रभूने शब्बाथ दिवशी मेंढरू वर काढणाऱ्याचा पक्ष घेतला, त्याच्याच घरी आपण उशिरा पोहोचत असतो.

तेव्हा वाचकहो, एवढे करू या. आपल्या मंडळीच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळांशेजारी, जवळच्या गुरांच्या दवाखान्याचा, प्राणिमित्र संस्थेचा व वनखात्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवू. तरुण संघातील दोघा-चौघांनी डॉक्टरांकडून प्रथमोपचार शिकून घ्यावेत. मंदिराच्या कोठडीत एक फळी, एक जुनी चादर आणि थोडे स्वच्छ कापड असू द्यावे. रविवारच्या शाळेत शोमरोन्याचा दाखला शिकवताना त्याच्या जनावराचेही चित्र मुलांना काढू द्यावे. म्हणजे "पप्पा, त्याला कोण नेणार?" असे कोणा मुलाने विचारले, तर त्याच्या वडिलांपाशी निदान एक पत्ता असेल, एक क्रमांक असेल, आणि सोबतीला कोणी तरी असेल.